चाळीस दातांवरचा ठिपका

पडद्यावर एक दाढ होती, भिंतीएवढी. तिच्यावरच्या रेघा पाहून समितीतले एक आमदार म्हणाले, "हे तर नांगरलेलं वावर दिसतंय," आणि सगळे हसले. डॉ. मंदार देशकरही हसले. त्यांचा उजवा हात मात्र कोटाच्या खिशात होता, आणि तो तिथेच राहावा याची ते सकाळपासून काळजी घेत होते.

विधिमंडळाची समिती त्या दिवशी नागपूरच्या दंतपृष्ठ प्रयोगशाळेत बसली होती. एरवी अशा बैठका विधानभवनातल्या गुबगुबीत खुर्च्यांवर होतात. पण ठसावाचक हे यंत्र चांगलं खोलीभर पसरलेलं, ते हलवायला भिंत पाडावी लागली असती. म्हणून लोकप्रतिनिधींनाच हलावं लागलं.

प्रश्न दंतारोग्यकांचा होता. दवाखान्यात दातांवरचं किटण काढणारी जी प्रशिक्षित व्यक्ती असते तिला कायदा दंतारोग्यक म्हणतो, लोक सिस्टर म्हणतात. चालू कायद्याप्रमाणे तिने किटण काढायचं आणि फिलिंगवर पॉलिश मारायचं. यापलीकडे काही करायचं नाही, आणि हेसुद्धा दंतवैद्य त्याच इमारतीत हजर असताना. नवं विधेयक म्हणत होतं की तिने स्वतः दात तपासावेत, हिरडी बधिर करावी, लहान कीड कोरून दात भरावा, आणि हे सगळं दंतवैद्य जवळपास नसतानाही करावं. समितीच्या अध्यक्ष सुलभाताई उईके गडचिरोलीकडच्या. त्यांच्या मतदारसंघात दाढ दुखली की माणूस लवंग धरायचा आणि दोन दिवसांनी तालुक्याला निघायचा. विधेयक मंजूर व्हावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

आड येत होतं ते ठवकर प्रकरण. चार वर्षांपूर्वी वर्ध्याला डॉ. देशकरांच्या दवाखान्यात संगीता ठवकर नावाच्या शिक्षिकेची दाढ कोरताना कोरणी घसरली आणि जिभेची नस कापली गेली. बाईंची अर्धी जीभ कायमची बधिर झाली, बोलणं जड झालं, शाळा सुटली. चौकशीत निघालं की कोरणी दंतारोग्यक करुणा मेंढे यांच्या हातात होती. डॉक्टरांची वाट न पाहता त्यांनी आगाऊपणे काम सुरू केलं होतं, असं चौकशी अहवालात लिहिलेलं होतं. विधेयकाचे विरोधक गेली चार वर्षं हे एकच उदाहरण देत होते, आणि विरोधकांचे मुख्य साक्षीदार होते स्वतः डॉ. देशकर.

आज तिघेही एका लांब टेबलाभोवती होते. ठवकर बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. करुणा त्यांच्या समोर, मान खाली घालून. देशकर अध्यक्षांच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी.

"मी भौतिकीची आहे, दातांची डॉक्टर नाही," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेवती पुसदकर म्हणाल्या. "त्यामुळे साध्या भाषेत सांगते. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. दाताचं तसं नाही. त्यावर एकदा ओरखडा उठला की तो जन्मभर राहतो. कीड कोरताना डॉक्टरांच्या हातची प्रत्येक हालचाल आत कोरली जाते आणि वर फिलिंग बसतं. भिंतीला गिलावा केला तरी खालच्या विटा असतातच ना, तसं. आमचं यंत्र गिलाव्यातून विटा पाहतं."

"आणि त्यावरून माणूस ओळखू येतो?" सुलभाताईंनी विचारलं.

"हात ओळखू येतो. कोरणी किती तिरकी धरली, कुठे जोर दिला, कुठे थांबून श्वास घेतला, किती थरथरली. दोन माणसांचं हे सगळं कधीच सारखं नसतं. याला आम्ही हस्तठसा म्हणतो. पण यंत्राला नावं कळत नाहीत हं, ताई. ते फक्त सांगतं की हे आणि हे एकाच हाताचं आहे. नाव आम्ही दवाखान्याच्या नोंदीवरून लावतो."

हे शेवटचं वाक्य ऐकून देशकरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. यंत्राने वाचायच्या चाळीस दातांची यादी त्यांनीच दिली होती, अकरा वर्षांतलं आपलं सर्वोत्तम काम म्हणून, विरोधकांचा भरभक्कम पुरावा म्हणून. यंत्र फक्त कामाचा दर्जा मोजतं अशी तेव्हा त्यांची समजूत होती. ते हातही ओळखतं हे महिन्यापूर्वी कळलं, आणि तेव्हापासून त्यांना धड जेवण गेलं नव्हतं. आता मात्र कळलं की यंत्र नोंदवहीवर विश्वास ठेवतं. नोंदवही त्यांचीच होती.

त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच, आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली. ही लाज त्यांच्या ओळखीची होती. अकरा वर्षं ती रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर त्यांना भेटायची आणि ते तिला ओलांडून आत जायचे.

"निष्कर्ष स्पष्ट आहे," डॉ. पुसदकर म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस दात एकाच हाताचे. त्याला आपण 'अ' हात म्हणू. मी राज्यभरातले नऊशे दात वाचलेत, इतका स्थिर हात दुसरा सापडला नाही. नोंदीप्रमाणे हे डॉ. देशकर."

टेबलाभोवती कौतुकाची कुजबुज झाली. कोणीतरी बाक वाजवल्यासारखं टेबल वाजवलं. देशकरांनी मान किंचित झुकवली. करुणाने वर पाहिलं नाही.

"आणि ही एकेचाळिसावी, ठवकर बाईंची दाढ. वेगळा हात, 'ब'. रेघ बघा, सरळ जातच नाही, सेकंदाला सहा हेलकावे आहेत. हा आजारी हात आहे. नोंदीप्रमाणे श्रीमती मेंढे."

इथे बैठक संपली असती. विधेयक पडलं असतं, सगळे जेवायला गेले असते आणि दोन हातांची नावं कायमची उलटी लागली असती.

खरं असं होतं की अकरा वर्षांपूर्वी देशकरांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. हात मांडीवर असला की शांत, बारीक काम करायला घेतलं की थरथर. वडिलांना होता, आजोबांना होता. वर्ध्यात त्यांचं नाव एवढं मोठं की दवाखान्याला पाटी लावायचीही गरज नव्हती, आणि वय अवघं पन्नास. करुणा तेव्हा त्यांच्याकडे पाच वर्षं होती. एकदा त्यांनी तिच्या हातात सहज कोरणी दिली आणि तिचं काम पाहून ते गप्प झाले. त्यानंतर एक पद्धत पडली. रुग्णाला खुर्चीवर आडवं करायचं, तोंड सोडून सगळा चेहरा हिरव्या कापडाने झाकायचा, मग दोघांनी मुकाट्याने स्टुलं बदलायची. देशकर रुग्णाच्या कानाशी बसून बोलत राहायचे, "आता थोडं पाणी येईल बरं का, झालंच, मुलगी काय करते तुमची?" आणि काम करुणा करायची.

फक्त शेवटी, फिलिंग नुकतंच बसलेलं असताना, ते टोकदार सळई घेऊन दातावर एकदा टक् करायचे आणि म्हणायचे, "पक्कं बसलं." त्याची वैद्यकीय गरज तशी काही नव्हती. पण तेवढं केल्याशिवाय त्यांना पुढच्या रुग्णाकडे जाता येत नसे.

ठवकर बाईंच्या दिवशी मात्र त्यांनी करुणाला बाजूला बसवलं. बाईंनी त्यांच्या मुलाला शिकवलं होतं. निदान त्यांचा दात तरी आपल्या हाताने भरावा असं त्यांच्या मनाने घेतलं. सकाळी हात बराही वाटत होता. कोरणी घसरली, रक्त आलं, बाई कापडाखाली किंचाळल्या, आणि देशकरांच्या तोंडून शब्द निघाले, "करुणा! हे काय केलंस?"

तो आवाज ठवकर बाईंनी ऐकला. चेहरा झाकलेला असल्यामुळे त्यांना दुसरं काही कळायला मार्गच नव्हता, आणि चौकशीत त्यांनी ऐकलं तेच सांगितलं. करुणाला खरं बोलायचं तर आपण रोज काय करतो ते सांगावं लागलं असतं, आणि तो तर थेट गुन्हा. ती गप्प बसली. तिची नोंदणी सहा महिने स्थगित झाली. त्यानंतर देशकरांनी तिला पुन्हा कामावर घेतलं, तेव्हा गावाने त्यांच्या मोठेपणाचं कौतुक केलं. विधेयकाला ते का विरोध करत होते हे आता सांगायला नको. ती स्वतंत्र झाली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांचा दवाखाना बंद पडला असता.

"एक गोष्ट तेवढी मला उलगडत नाहीये," डॉ. पुसदकर कपाळाला आठी घालून म्हणाल्या. "काल संध्याकाळी लक्षात आली. आधी मी ती यंत्राची चूक समजले होते."

त्यांनी चाळीसपैकी एक दात मोठा केला. फिलिंगच्या गुळगुळीत पृष्ठावर मधोमध एक ठिपका होता. आणखी मोठा केला तेव्हा त्या ठिपक्याचे तीन झाले, एका ओळीत.

"टोकदार सळई अर्धा सेकंद टेकली, आणि तेवढ्यात हात तीनदा थरथरला. म्हणजे सेकंदाला सहा. हा 'ब' हात आहे. आणि हा ठिपका चाळीसच्या चाळीस दातांवर आहे."

देशकरांनी खिशातला हात आणखी खोल सरकवला.

"वर्षांच्या क्रमाने लावले तर ठिपके लांब लांब होत जातात. अकरा वर्षांपूर्वी अगदी चिकटून, गेल्या वर्षी चांगले पसरलेले. म्हणजे आजार वाढलाय. या व्यक्तीला आज भरलेला कप न सांडता उचलता येणार नाही." त्या करुणाकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "मेंढे ताई, तुम्ही कुठे उपचार घेताय का?"

सगळ्या नजरा करुणाकडे गेल्या. तिच्यासमोर चहाचा कप होता, काठोकाठ, कोणीही न शिवलेला. तिने टेबलावरचे हात सावकाश मागे घेतले आणि पदराखाली लपवले.

तिने असं का केलं हे त्या खोलीत फक्त देशकरांना कळलं. तिचे हात दगडासारखे स्थिर होते. ते कोणाला दिसले असते तर चाळीस दात तिच्या माथी आले असते. टेबलाच्या एका बाजूला ते थरथरणारा हात लपवत होते आणि दुसऱ्या बाजूला ती न थरथरणारा. समितीला मात्र फक्त आजारी बाई दिसली.

"अरे देवा," सुलभाताई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात ठवकर बाई उठल्या. त्यांना बोलायला वेळ लागायचा; प्रत्येक शब्द जिभेने अर्धवट पकडून बाहेर ढकलावा लागायचा. त्या टेबलाला वळसा घालून करुणापाशी गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला... माहीत नव्हतं... तुम्ही आजारी आहात," त्या म्हणाल्या. "चार वर्षं... रोज शिव्या दिल्या तुम्हाला. चुकलं माझं. मी... माफ केलं."

करुणाने मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, हे सांगता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

देशकरांना वाटलं, जमीन दुभंगावी. ती माफी त्यांची होती, आणि ती घेण्याची त्यांची लायकी नव्हती. जिची नव्हती तिला मात्र ती भर समितीत मान खाली घालून घ्यावी लागत होती.

सुलभाताई अजून पडद्याकडेच पाहत होत्या. "मले एक सांगा पुसदकर मॅडम," त्या म्हणाल्या. विचारात पडल्या की त्यांची भाषा घरची व्हायची. "माझी दाढ भरली होती दोन वर्षांमागं. काम झाल्यावर आमच्या डॉक्टरनं अशीच सळई टेकवली, टक् करून. म्हणे, झालं ताई, पक्कं बसलं. शेवटी डॉक्टरच ठोकते न? सिस्टर काहून ठोकेल?"

डॉ. पुसदकर थबकल्या. दातांच्या डॉक्टर नसल्यामुळे हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. त्यांनी देशकरांकडे पाहिलं.

"सर, तुमच्याकडे शेवटची तपासणी कोण करतं?"

उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द जिभेवर तयार होता. करुणा. चार वर्षांपूर्वीही तोच आला होता, तितक्याच पटकन. त्यांनी तोंड उघडलं. करुणा त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, विनंतीही नव्हती. ती फक्त वाट पाहत होती. कोणता शब्द येणार हे तिला ठाऊक असावं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

"मी," देशकर म्हणाले.

कोणाला काही उमगलं नाही. त्यांनी खिशातून हात काढला आणि समोरचा भरलेला कप बशीसकट उचलला. कप बशीवर वाजू लागला. चहा बाहीवर सांडला, समितीच्या कागदांवर सांडला, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"'ब' हात माझा आहे. ठवकर बाई, तुमची दाढ मी कोरली. करुणाने तुम्हाला हातसुद्धा लावला नव्हता. मी तिचं नाव मोठ्याने घेतलं, कारण तुमचे डोळे झाकलेले होते."

ठवकर बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. करुणाच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"मग हे चाळीस दात?" एका सदस्याने विचारलं.

करुणाने पदराखालून दोन्ही हात काढले आणि टेबलावर ठेवले. मग एका हाताने समोरचा काठोकाठ भरलेला कप उचलला, एक घोट घेतला आणि आवाज न करता परत ठेवला.

विधेयक चार महिन्यांनी मंजूर झालं. नऊशे दातांतला सर्वांत स्थिर हात दंतारोग्यकाचा निघाल्यावर विरोध करायला कोणाकडे तोंड उरलं नाही. पण कायदा लागू होतो तो पुढच्या कामांना. मागचे चाळीस दात जुन्या कायद्याखालीच मोजले गेले, आणि त्याप्रमाणे करुणा मेंढे यांची नोंदणी तीन वर्षांसाठी रद्द झाली. तिच्या हातांमुळे झालेला कायदा राज्यभरच्या सिस्टरना मिळाला. तिला तेवढा तीन वर्षांनी मिळणार होता. सुलभाताईंनी बरीच खटपट केली, पण नियम आडवा आला. देशकरांची नोंदणी कायमची गेली. ठवकर बाईंनी त्यांना माफ केलं नाही. ते त्यांना योग्यच वाटलं.

नोंदणी गेल्यानंतरच्या आठवड्यात करुणा आपली हत्यारं न्यायला दवाखान्यात आली. सकाळचे अकरा वाजले असतील. खुर्चीवर चादर टाकलेली होती. तिने खण उघडला आणि आपल्या वस्तू एकेक करून रुमालात ठेवू लागली.

"करुणा, एक विचारू?" देशकर म्हणाले.

"विचारा ना सर."

"शेवटचं पॉलिश तूच करायचीस. मी ठोकून उठलो की मागून तू पॉलिशचा छोटा रबरी कप फिरवायचीस. त्या ठिपक्यावरून एकदा फिरवला असतास तर तो गेला असता. एकाही दातावर राहिला नसता." ते थांबले. "तू तो मुद्दाम ठेवलास ना? पुरावा म्हणून? तसं असेल तरी मला काही म्हणायचं नाही. तुझा हक्कच होता."

करुणाने मागे वळून पाहिलं. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"पुरावा कसला सर? तेव्हा हे यंत्र कुठे होतं?"

"मग?"

ती रुमालाची घडी नीट करत राहिली.

"मुद्दामच ठेवायची," ती म्हणाली. "ठिपका सोडून बाकी सगळीकडे पॉलिश करायची. अख्ख्या दातात तेवढंच तुमच्या हातचं असायचं. ते पुसायचं जिवावर यायचं."

देशकरांना काहीतरी बोलायचं होतं. 'माफ कर' हे दोन शब्द त्यांनी महिनाभर जुळवून ठेवले होते, पण आता ते त्यांना फार स्वस्त वाटले. करुणाने गाठोडं बांधलं. खणाच्या तळाशी ती टोकदार सळई राहिली होती, तिने ती उचलली.

"ही तुमची," ती म्हणाली. तिने हात पुढे केला, मग काही आठवल्यासारखा मागे घेतला आणि सळई त्यांच्या हातात न देता टेबलावर, त्यांच्यासमोर ठेवली.

ती गेल्यावर ते बराच वेळ त्या सळईकडे बघत बसले. उचलायला त्यांचा हात पुढे झाला नाही.